डावा दिवा

मामाने मला आधी दिवे शिकवले, क्लच नंतर.
तेव्हा मी त्याच्या ट्रकवर क्लीनर होते, वय एकोणीस.
केबिनमध्ये डिझेलचा आणि भाजलेल्या मक्याचा वास,
मागे गव्हाची पोती, मोम्बासा ते नैरोबी.

"न्दिंडा, पुढच्या ट्रकला जे दिसतं ते तुला दिसत नाही.
ते तो तुला उसनं देतो.
उजवा दिवा मिचकावला, तर समोरून कुणी येतंय, थांब.
डावा मिचकावला, तर रस्ता मोकळा आहे, ये.
पुढे गेलीस की एकदा डावा, एकदा उजवा दाखव.
उसनं घेतलं की बोलून दाखवावं, एवढी रीत आहे."

मग समोरून येणाऱ्यांची बोली:
हेडलाइट दोनदा, म्हणजे पोलीस, कागद हाताशी ठेव.
घाईघाईने चार-पाचदा, म्हणजे रस्त्यात हत्ती.
रात्री उजवा दिवा लुकलुकत येतो, तो म्हणतो
माझं अंग इथवर आहे, याच्या आत शिरू नकोस.
आणि डांबरावर हिरव्या फांद्या पसरलेल्या दिसल्या
तर ते वाऱ्याचं काम नव्हे.
वळणापलीकडे कुणीतरी बंद पडलंय
आणि त्याच्याकडे दिवाही उरलेला नाही.

लायसन्सच्या परीक्षेत मी लिहिलं,
डावा दिवा म्हणजे डावीकडे वळणे.
पास झाले.

पुढे मामा गेला, म्हणजे माचाकोसला, घरी.
गुडघे गेले त्याचे. ट्रक माझ्याकडे आला.

त्या रात्री वोई सोडल्यावर पुढे एक सिमेंटचा ट्रक,
फाटकी ताडपत्री फडफडत,
आणि त्याचा डावा दिवा: ये, ये, ये.
मी जरा बाहेर काढलं तोंड,
तर समोरून बस, अख्खी, दिव्यांनी भरलेली.
कशीबशी आत आले. तो म्हणतच होता, ये.
चढ आला. ये.
आंधळं वळण आलं. ये.
मन्यानी गेलं, त्सावोचा पूल गेला,
झोपेत हुंकार भरणाऱ्या माणसासारखा तो दिवा
काही न ऐकता हो म्हणत राहिला.

माझा उजवा मी चालूच ठेवला.
मागचे त्याला जुमानेनात.
एकेक जण मला ओलांडून
त्याच्या शब्दावर अंधारात गेला.

म्तितो अंदेईला तो थांबला. मीही.
चहाच्या टपरीत गाठलं. उंच माणूस, लांब बोटं,
म्वाडिमे नाव. म्हटलं, "दादा,
तुमचा डावा वोईपासून चालू आहे."
तो हसला. रिले चिकटतो म्हणाला, थाप मारली की सुटतो.
मग मांडाझी तोंडाशी नेता नेता थांबला.

"सात," म्हणाला. "सात गाड्या पुढे गेल्या.
सगळ्यांनी आभाराचे दिवे दाखवले.
मला वाटलं, आज काय माणसं भेटतायत."

चहावर साय धरली.

"पोचले असतील ना?"

"वाटेत काही दिसलं नाही," मी म्हणाले.
खरंच होतं ते.
म्तितोपर्यंतच्या रस्त्यापुरतं.

त्याने जाऊन डॅशबोर्डवर मूठ हाणली.
दिवा विझला. तरी तो बराच वेळ
ट्रकच्या मागे उभा राहून त्याच्याकडे बघत होता,
नजर काढली तर पुन्हा बोलेल अशा बेताने.

किब्वेझीच्या अलीकडे उजाडलं.
माझ्या मागे एक छोटी पांढरी गाडी येऊन लागली,
टपावर कोंबड्यांचा पिंजरा, आत शाळेचे स्वेटर.
समोर रस्ता सरळ, मोकळा,
निदान मला दिसत होता तिथवर.
बोट दांडीवर गेलं
आणि तिथेच राहिलं.

मग मी काच खाली केली
आणि हात बाहेर काढला.
अख्खा हात, कोपरापासून, सावकाश:
ये.
ती गेली तसा लगेच आत घेतला.