पाळ्या

रबाळ्याच्या कारखान्यात बत्तीस वर्षं
पहिली, दुसरी, रात्रपाळी.
म्हणूनच घणसोलीच्या या रिकाम्या प्लॉटवर
मला आधी दिसल्या त्या पाळ्याच.

उजाडताच भुंगा, काळा, जाडजूड.
खुळखुळ्यावर टेकतो,
त्याच्या वजनानं फुलाचा जबडा उघडतो.
आठच्या सुमारास निळ्या पट्ट्यांची,
मंजिरीत लांब सोंड घातली न घातली, गेली.
मग पानं कातरणारी, पोटाला पराग माखून.
(भोईरवहिनींच्या गुलाबाची पानं अर्धगोल कापलेली असतात.
त्या शेळीला शिव्या देतात.)
उन्हं चढली की तिळाएवढी एक
भुंग्यानं सांडलेलं वेचत बसते.

पोळं नाही, राणी नाही, मुकादम नाही.
एकेकटीचं बिऱ्हाड: बांबूची नळी,
कुंपणाच्या भिंतीतलं खिळ्याचं भोक.
भांडत नाहीत असंही नाही.
काल निळीनं कातरणारीला धक्का दिला,
दोघी उडाल्या
आणि दोन वेगळ्या फुलांवर बसल्या.

सोमवारी सिडकोचा माणूस फीत घेऊन आला.
मोजलं, चुना ओढला.
काम कधी सुरू होणार, मी विचारलं नाही.
रेघेच्या अलीकडे फुलं होती,
पलीकडेही.
घड्याळात साडेनऊ झाले होते,
तिळाएवढी कामावर आली होती.