इंचाच्या दराने

मी पाट्या रंगवायचो तेव्हा अक्षराचा दर उंचीवर ठरे.
सहा इंचाला पंधरा रुपये, फुटाला चाळीस.
काना-मात्रा त्यातच.
टिंब देताना ब्रश जरा दाबायचो,
तेवढीच चैन.

गोठिवलीच्या तळ्यापाशी गाळा नंबर चार.
नवं शटर, दोन टेबलं, काउंटरला पितळी जाळी.
जाळी पाहून मलाही वाटलं, हे खरं असणार.
"लिही," साहेब म्हणाले, "शुभाक्षय फायनान्स.
आणि खाली, एका फुटात, बँक."

लाल रंगात लिहिली.
ब-वर चंद्रकोर, कोरीवर टिंब:
या एका शब्दाला आभाळ लागतं.
दोरी न लावता कोर अशी उतरली
की शिडीवरून मी दोनदा पाहिली.

दीड महिन्यानं पत्र आलं कुठूनसं.
हा शब्द तुमचा नाही.
जी बँक नाही तिनं तो अंगावर घालायचा नाही,
कायदा आहे तसा.
साहेब हसले. "शब्दच काढायचाय रे, धंदा नाही."
मी रॉकेल आणि ब्लेड घेऊन चढलो.
खरवडलं. पांढरा हात दिला, वाळल्यावर दुसरा.
तिसरा द्यायला हवा होता.
तिसऱ्याचे पैसे कोणी देणार नव्हतं.

रिकाम्या जागेवर त्यांनी लिहून घेतलं, नऊ इंचात:
मागाल तेव्हा परत.
मला काय ठाऊक, अंगावरचा शब्द उतरवून
त्यांनी तोच पोटात घातला होता.
मागताक्षणी द्यायचा पैसा घ्यावा तो बँकेनंच,
बाकीच्यांनी निदान वर्षाची मुदत बांधावी,
हे मी फार उशिरा ऐकलं, तेही पोलीस ठाण्याच्या बाकावर.
पत्र पाठवणारे पाटी बघायला आले नाहीत.
आले असते तर शब्द नव्हताच.

आणि सगळ्यात खाली, अर्ध्या इंचात,
या ठेवींना विमा नाही.
शून्य नंबरचा ब्रश, श्वास धरून.
अर्ध्या इंचाचा दर माझ्याकडे नव्हताच.
साहेबांनी चहा पाजला.

नागूबाय मढवींची भातखाचरं शहराखाली गेली.
बदल्यात साडेबारा टक्के जमीन,
ती मिळेस्तोवर नवरा गेला,
मग प्लॉट विकून पोरांच्या वाटण्या,
आणि उरलं ते या जाळीतून आत.
काउंटरवरची पोरगी म्हणाली, व्याज साडेबारा टक्के.
नागूबाय हसली म्हणे.
"यो आकडा माजे वलकीचा हाय."

तिला वाचता येत नाही.
पण बँक तिला दिसते,
कोरीवरून, टिंबावरून,
जशी बाजारात लांबून आपली टोपली दिसते.
आणि दुपारी चारनंतर ऊन तिरकं झालं
की दोन हात पांढऱ्याखालून
माझी कोर वर यायची.
मी पाहिली होती. चहाच्या टपरीवरून, रोज.

शटर एका गुरुवारी उघडलं नाही.
शुक्रवारी लोक जमले, शनिवारी दगड आले,
सोमवारी नागूबाय माझ्या दारात,
पावती दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली.

"तूच लिवलंस ना रं?"
"मीच. पण पुसलंही मीच, नागूबाय."
"पुसलंस त दिसतं कसा?"

मला उत्तर आलं नाही.
मी तिला पाटीखाली घेऊन गेलो.
खालची ओळ मोठ्यानं वाचून दाखवली,
माझ्याच हाताची, पहिल्यांदाच मोठ्यानं.
ती बराच वेळ वर बघत राहिली.
मग विचारलं, केवढं हाय ते अक्षर?

अर्धा इंच, मी म्हणालो.

तिनं अंगठा वर धरला,
एक डोळा मिटला,
आणि नखाआड
ओळीतलं एकेक अक्षर झाकत गेली.