तळहाताचा हिशोब

धुळ्याच्या सिव्हिलमध्ये मे महिन्यात
खिडकीच्या गजाला हात लावू नये.
बाहेर पंचेचाळीस. माझ्या पाठीमागे
फ्रीजर उणे ऐंशीवर घुरघुरतोय
आणि मध्ये मी, एक पंखा,
जांभळ्या टोपणाची एक नळी:
आधार निंबा कोळी, वय एकतीस.

केसपेपरच्या खिडकीत कारकुनाने विचारलं, आधार?
भाऊ म्हणाला, हो, आधारच.
कार्ड हो, कार्ड.
कार्ड शर्टाच्या खिशात होतं.
शर्ट...
कारकुनाने पेन खाली ठेवलं.

हंगाम सरला होता. जिनिंगमध्ये
शेवटची एक गंजी, झाकायची राहिलेली,
आणि बेअरिंगमधून उडालेली
डोळ्याला न दिसणारी ठिणगी.
कापूस आधी भडकत नाही.
आतल्या आत धुमसतो.
माणूस उपसायला जातो,
तेव्हा तोंड उघडतो.

कॅज्युअल्टीत दोन डॉक्टर, दोन आकडे.
एक म्हणाले तीस. दुसरे, चाळीसच्या वर.
नियम साधा आहे: रोग्याचा स्वतःचा तळहात,
बोटांसकट, म्हणजे अंगाचा एक टक्का.
पण काजळी कुठे संपते, कातडी कुठे सुरू होते,
खोल किती गेलंय,
हे डोळ्याने ठरवायचं,
आणि रात्री तीनला डोळा थकलेला असतो.

म्हणून मॅडमचा हा अभ्यास.
मी रक्त फिरवते.
जिनिंगसारखंच, सरकी वेगळी, रुई वेगळी.
लाल तळाशी बसतं,
वर उरतं पिवळसर पाणी.
त्यात तरंगतात फुटलेल्या पेशींचे डीएनए,
एरवी घडी घालून, कुलूप लावून ठेवलेले,
आता मोकाट, तुकडे तुकडे.
घर जळलं की कपाटातली कागदपत्रं
गल्लीभर उडतात, तसे.
जेवढे जास्त, तेवढं जास्त जळलं असावं.
'असावं' असंच लिहायचं.
हा सतरावाच नमुना.

आधारचा आकडा आला.
मी मशीन पुन्हा लावलं.
पुन्हा तोच, किंचित मोठाच.
वहीत उतरवला. फाईलमध्ये तो जात नाही,
अभ्यास पुरा होईतो कुणाला सांगायचा नाही,
तसं लिहिलेल्या कागदाखाली माझी सही आहे.

व्हरांड्यात त्याची आई, भटाबाई.
पिशवीत कळण्याच्या भाकरी,
तो खाणार नाही हे ठाऊक असून बांधलेल्या.
"मना आंडोर कसा शे वं माय?
रंगतमा काय दखायनं?"
सहा वर्षं मी इथे नोकरीची मराठी बोलते.
तोंडातून निघालं, "दखी ऱ्हायनूत, माय."

त्या तुकड्यांतलं निम्मं तुझंच आहे,
हे काही मी बोलले नाही.
मशीन किती ते सांगतं.
आईचं किती, बापाचं किती,
वेगळं काढत नाही.

"कितला जळना?"

आकडा सांगता येईना,
म्हणून तळहाताचा नियम सांगितला.
ती ऐकत राहिली. मग भाकरी थापून रुंद झालेला हात
आपल्याच खांद्यावर ठेवला. एक.
खाली सरकवला. दोन.
छातीवर, जिथे त्याला पाजलं, पाच, सहा.
पोट. दंड. मांडीची बाजू.
ओठ हलत होते, वाळत घातलेले पापड मोजावेत तसे.
विसानंतर हात पाठीकडे गेला
आणि पोचेना.
कोपरातून वळवून पाहिला. पोचेना.

आत सेंट्रिफ्यूज थांबल्याची शिट्टी वाजत होती.
मी हातमोजा काढला,
तिच्या मागे गेले
आणि लुगड्यावरून तळहात टेकवला.
माझा हात तिच्यापेक्षा लहान. नियमाने हे चूक.

"एकईस," ती म्हणाली.
मी हात खाली सरकवला.