साडेएकोणसाठ

बिडाचा टब उचलायचा नसतो, फोडायचा असतो,
हे मला हार्डवेअरच्या दुकानातल्या ऑर्लोने सांगितलं.
वर जुनं ब्लँकेट टाका, कानांत बोळे घाला,
आणि मग घण.
"एकट्याच आहात?"
मी म्हटलं, घण किती पौंडाचा घेऊ?

मार्च संपत आला तरी डलुथचं सरोवर
अजून पाठ गोठवून पडलेलं.
धूळ जावी म्हणून खिडकी उघडी ठेवली.
पहिला घाव नुसता वाजला,
असा, की समोरच्या मिसेस कोस्कीने पडदा सारून
आज रविवार आहे का, ते पाहिलं असावं.
दुसरा. तिसरा.
सातव्याला कड गेली,
आणि पांढऱ्या एनॅमलखालचं दिसलं,
काळं, दाणेदार, भाजलेल्या ढेकळासारखं.
याच्यात मी सव्वीस वर्षं
केस धुतले.

बादलीतून एकेक तुकडा खाली नेला.
तिसरी पायरी कुरकुरते. तिला चुकवायची सवय आहे,
पण भरल्या बादलीला कुठली सवय.

मग फरशा उतरवल्या, ओलसर बोर्ड ओरबाडून काढला,
आणि डाव्या वाशावर
सुताराच्या चपट्या पेन्सिलीने, रॉयसच्या तिरक्या अक्षरात:
साठ नाही. साडेएकोणसाठ.
आर्डिसचं बरोबर.

अर्ध्या इंचावरून त्या ऑक्टोबरात आम्ही
तीन दिवस भांडलो होतो.
तो म्हणे, टेप खोटं बोलत नाही.
मी म्हणे, तुझ्या टेपचं टोक वाकलंय.
पाडलेल्या हॉटेलातून आणलेला टब अंगणात पालथा,
त्यावर पानं साचलेली,
आणि जेवताना मिठाची बाटली
एकमेकांना न मागता घेत होतो.
चौथ्या दिवशी मी कामावरून आले तर टब जागेवर.
"बसला की नाही? म्हटलं होतं ना!"
म्हटलं होतं, खरंच. मीही तेच धरून चालले,
तो घरात होता तोवर,
आणि गेला त्यानंतरही.

वाशाला पटाशीची खाच होती. अर्धा इंच.
कडा सफाईने तासलेल्या.
मी पालथ्या बादलीवर बसले. डबा खाल्ला.
मग फोन केला, पुलापलीकडे विस्कॉन्सिनला.

"ओव्हरफ्लोच्या वॉशरची जाड बाजू वर की खाली?"
"खाली."
त्याच्याकडे कुठेतरी किटली शिट्टी देत होती,
तिच्याकडे कोणी गेलं नाही.
"भिंत उघडलीस का?"
"उघडली."
"मग वाचलं असशील."
"वाचलं."
किटली थांबली. कोणीतरी गेलं असावं.
"जाड बाजू खाली," तो परत म्हणाला,
आणि मी परत म्हटलं, बरं.

नवा टब साठ इंचाचा, हलका, एका खांद्यावर येणारा.
त्या खाचेत तो मुकाट्याने आला.
सिमेंट बोर्ड ठोकायच्या आधी
मी खिशातली पेन्सिल काढून त्याच्या ओळीखाली लिहिलं:
टेपचं टोक वाकलेलंच होतं.
आणि आठ स्क्रू मारून दोघांचंही झाकून टाकलं.

ऑर्लोचा शेवटचा सल्ला असा होता,
की सांधा बुजवायच्या आधी टब पाण्याने भरा.
रिकाम्या टबाचा सांधा पहिल्याच आंघोळीला उकलतो.
वजन पडू द्या, जेवढी फट पडायची तेवढी पडू द्या,
मग भरा.
म्हणून गार पाण्यात, पँटसकट, मी बसले,
सिलिकॉनची बंदूक हातात,
आणि कडेकडेने बोट फिरवत गेले.
ओठ निळे पडले. कोपऱ्यात थोडं वाकडं झालं.
ते तसंच ठेवलं.

पाणी रात्रभर राहू द्यायचं असतं.
तीनला जाग आली तेव्हा दिवा न लावता गेले,
बाही वर करून हात बुडवला.
मनगटाच्या हाडापर्यंत होतं,
निजताना होतं तेवढंच.