पल्याड

बामणोलीच्या धक्क्यावर बरकू उतेकरनं विचारलं,
"खानेसुमारी का मतदान?"
म्हटलं, लिहायला आलोय. राहीन महिनाभर.
त्यानं माझी पिशवी तांदळाच्या पोत्यावर टाकली.
"मंग आधी आमचा अर्ज लिवा. टावरचा.
तीन अर्ज गेले, अक्षर बरं नव्हतं."

लाँचमध्ये अकरा माणसं, दोन बोकड, गॅसची टाकी,
आणि गोधडीत गुंडाळलेला टीव्ही
एका बाईच्या मांडीवर, तान्ह्या पोरासारखा.
धरणाच्या मधोमध बरकूनं इंजन बंद केलं.
लाँच आपसूक सरकत राहिली.
कुणी बोललं नाही. बोकडसुद्धा.
मग दोरीला हिसका, धूर,
आणि बोलणी जिथं तुटली होती तिथूनच पुढं.

मी वहीत लिहिलं :
खाली त्यांचं जुनं गाव आहे. इथं माणसं मौन पाळतात.

कोंडाबाई संकपाळनं कणग्यांची खोली दिली.
रात्रभर नाचणीचा वास आणि उंदरांची ये-जा.
मला वाटलं होतं, पाण्याला इथं वीस शब्द असतील.
एकच निघाला, पाणी.
पण ते रुसायचं, पोटात घ्यायचं, उतरताना गाळ ठेवून जायचं,
आणि वारा सुटला की कोंडाबाई दारातून ओरडायची,
"पानी जागं हाय, आज नगं जाऊस रं!"
लग्न कधी झालं, विचारलं तर
"पानी जांभळीच्या बुंध्याला हुतं तवा."
जांभूळ कुठली?
"ती कवाच कुजली की."

आणि एका रात्री भागू शेलारच्या सुनेला कळा लागल्या.
अडीच वाजले असतील.
मला काम मिळालं, बॅटरी धरायचं.
उजेड पाण्यावर दहा हात जायचा आणि बुडायचा.
बरकू उजेडाकडं बघतच नव्हता,
पलीकडची कुत्री कुठं भुंकतात ते ऐकत होता,
त्या भुंकण्यावर त्यानं लाँच नेली.
पोरगी कासच्या चढावर झाली, जीपमध्ये,
धुकं इतकं की ड्रायव्हरनं मान बाहेर काढलेली.

त्या रात्री मधोमध त्यानं इंजन बंद केलं नाही.
हे मी लिहिलं नाही.
माझ्या वाक्यात बसत नव्हतं.

दोन वर्षांनी दिवाळी अंकाच्या पाच प्रती घेऊन गेलो.
नववीतल्या हणमानं अंगणात मोठ्यांदा वाचलं,
माझ्या स्वल्पविरामांना न थांबता.
कोंडाबाई शेंगा फोडत ऐकत होती.
शेवटी म्हणाली, "बाई चांगली हाय रं.
पर मी न्हवं ती. मी एवढी गप कवा बसलेय?"
थोड्या वेळानं, "ऱ्हाऊ दे. तिला खाडू नगंस."

मौनाचा परिच्छेद आला तेव्हा बरकूला ठसका लागला.
"अवो, त्ये इंजन तापायचं!
दमानं घेतलं न्हाय तर बसायचं मदीच."
मग सगळं अंगण हसलं. भागूची नातही,
जिला काहीच कळलं नव्हतं.
मीही हसलो. कान गरम झाले होते.
मग त्या रात्री का नाही थांबला,
हे तोंडाशी आलं आणि शेंगांबरोबर गिळलं.

सकाळी परत निघालो.
नवं इंजन, निळं, कंपनीचा स्टिकर अजून तसाच.
दोरी नाही, बटण.
पाणी काचेसारखं. कुणाच्या तरी पिशवीत कोंबडी.
मधोमध आलो
आणि त्यानं इंजन बंद केलं.

मी त्याच्याकडं पाहिलं. तो पुढं बघत होता.
कोंबडी गप्प झाली.
वही पिशवीत होती, तिथंच राहू दिली.

"टावरचं काय झालं वो मंग?" बरकू म्हणाला,
आणि बटण दाबलं.