निव्वळ

साळगावच्या पठारावर माझी केबिन,
खिडकीसमोर साठ टनी काटा.
ट्रक भरून येतो तेव्हा एकदा वजन,
रिकामा होऊन परततो तेव्हा दुसऱ्यांदा.
मोठ्यातून धाकटं वजा केलं
की उरतं ते निव्वळ.
अकरा वर्षं एवढं एकच गणित करतोय.

देशाच्या वाढीचा आकडा दिल्लीत मे संपता संपता जाहीर होतो.
मला तो डिसेंबरातच कळलेला असतो, वासावरून.
माशाची खवलं, केळीची पानं, नारळाचा चोथा:
वर्ष बेताचं.
पुठ्ठा, थर्माकोल, एका बाजूनेच चाखलेले केक,
एकाच हंगामात जुन्या झालेल्या गाद्या:
देश जोरात आहे.
दिल्लीचा आकडा सकल असतो.
तो रिकामा करून
पुन्हा काट्यावर कुणी आणत नाही.

ज्या वर्षी विमानं उतरली नाहीत
कांदोळीचा ट्रक पाऊण टन घेऊन आला.
कायतान ड्रायव्हर ओशाळला,
"आज कांयच ना रे, सगुण,"
जणू लग्नघरी रिकाम्या हातांनी आला होता.

आईचा केर सुपात मावायचा.
साली गाईला, करवंट्या चुलीला,
चुलीतली राख भांड्यांना.
गोड करून सांगत नाही.
वहाणाच नव्हत्या, म्हणून वहाणा टाकल्या नाहीत.
माझ्या पगारातून पहिला फ्रीज आला
तेव्हा त्याच्या खोक्यातला थर्माकोल
तिने वर्षभर माळ्यावर जपला.
एवढं पांढरंशुभ्र, म्हणाली, टाकवतं कसं?

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात.
फिटले.
आमच्याला कुंपण आहे, कॅमेरे आहेत,
शाळांच्या सहली येतात,
मुलं नाक दाबून फोटो काढतात.

काल दुपारी, दोन गाड्यांच्या मधे,
पट्ट्यावर कचरा निवडणारी शेवंती वेळीप
हातमोजे काढून काट्यावर चढली.
"माझं सांग."
पडद्यावर चाळीस.
"रेशनच्या दुकानात तर त्रेचाळीस भरले."
म्हटलं, हा दहाच्या पटीतच बोलतो,
वरचं सोडून देतो.
"मग वरचे तीन कुणाच्या खात्यात?"

मागे कळंगुटची गाडी हॉर्नवर हात ठेवून उभी.
ती उतरली, हातमोजे चढवत शेडकडे गेली.
मी नवी पावती लावली.
सकल: चौदा हजार नऊशे ऐंशी.
पुढचा रकाना
गाडी रिकामी होईपर्यंत कोरा.