सन्मानफलक

रामबागेतल्या शाळेचा फलक
दर मार्चात मीच रंगवतो.
शिडी माझी, रंग शाळेचा,
नावं बाई कागदावर देतात.

वक्तृत्व : अन्विता पळसुले, दहावी ब.
नाटक : यंदा कोणी नाही,
राजाला ऐनवेळी गोवर झाला.

पळसुले. आधी ळ, मग ल.
खडूच्या रेघेवर हात थबकतो.

नववीत ह्याच हॉलमध्ये उभा होतो,
वडलांचा कोट, बाह्या दुमडलेल्या.
"अध्यक्ष महाशय, माझी शाला—"
मागच्या बाकांवर हसू फुटलं.
उरलेलं भाषण
अजून तिथेच असेल, पंख्याखाली.

आई म्हणाली, आपण असंच तर बोलतो,
जिरावण घे पोह्यांवर.

जीभ नाही वळली.
ब्रश वळतो :
आडवा आठ, वर शेंडी,
एका दमात, थेंबही न ओघळता.

"काका, माझं नाव बरोबर आलं ना?"
खाली मुलगी, छातीशी दप्तर.
"वाच बघू मोठ्यानं."

ती ताठ उभी राहिली,
हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल
अशा आवाजात म्हणाली,
"अन्विता पलसुले."

बरोबर, मी म्हटलं.
हात लावू नको, ओलं आहे.